तागडी तीन उत्तरं देते

(बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैठकीत वही-पेन्सिल लागणार नाही. बारा रिकाम्या काड्यापेट्या, चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू एवढं घेऊन बसा. आज आपण तागडीचं एक कोडं सोडवणार आहोत.

कोडं म्हटलं, त्यात गणित म्हटलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणी पदर सावरून मागे सरकतात. "ते आमचं काम नाही, पोरांना विचारा," म्हणतात. आणि याच बायका एवढ्या ज्वारीत किती भाकरी होतील, हप्ता भरून हातात काय उरेल, हे सगळं तोंडी सांगतात. आजच्या कोड्याला बारापर्यंत मोजता आलं की पुरतं. बाकी लागतो तो धीर आणि नीट विचारलेला प्रश्न.

प्रसंग असा

समजा, सोलापूरजवळच्या एखाद्या गावात बारा जणींचा गट आहे. शेंगा चटणी करतात. पुण्याहून अर्ध्या अर्ध्या किलोच्या बारा पाकिटांची मागणी आली. प्रत्येकीने एक पाकीट भरलं, तोंड चिकटवलं, वर निव्वळ वजनाची चिठ्ठी लावली. खोकं बांधता बांधता एक जण म्हणाली, "मघाशी एक पाकीट हाताला वेगळं लागलं होतं." कुठलं? ते आठवेना. जड होतं की हलकं? तेही सांगता येईना. आता सगळी पाकिटं एकसारखी दिसताहेत.

वीज गेलेली आहे आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं चार्जिंग संपलंय. शेजारच्या दुकानातून साधी दोन पारड्यांची तागडी मिळाली, पण वजनं मिळाली नाहीत. एसटीला पार्सल लावायची वेळ झालीय. फार तर तीन वेळा तोलता येईल. तेवढ्यात चुकीचं पाकीट शोधायचं आणि ते जड आहे की हलकं हेही सांगायचं.

गोष्ट लहान वाटते, पण यात गटाचं बरंच काही अडकलेलं आहे. हलकं पाकीट गेलं तर गिऱ्हाईक म्हणणार, बायकांनी मापात पाप केलं. जड गेलं तर आपलं नुकसान. आणि त्याहून वाईट म्हणजे घरोघर कुजबुज सुरू होणार, "ते पाकीट तिनेच भरलं असणार, तिचं लक्षच नसतं." बारा जणींवर संशय घेऊन गट चालत नाही. म्हणून संशय पुराव्याने कमी कसा करायचा, हे या कोड्यातून शिकायचं आहे.

तागडीला काय काय कळतं?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे रुक्मिणीच्या तुळशीपानाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नारदाकडून कृष्णाला सोडवून घ्यायला सत्यभामेने एका पारड्यात दागिन्यांचा ढीग घातला, पण ते पारडं काही खाली येईना. रुक्मिणीने एक तुळशीचं पान ठेवलं आणि तुला झाली. भक्तीचा अर्थ बाजूला ठेवून नुसत्या तागडीकडे बघा. तिला किंमत कळत नाही, कुणी काय ठेवलं ते कळत नाही. ती एवढंच सांगते: डावं जड, उजवं जड, किंवा दोन्ही सारखी.

म्हणजे तिची उत्तरं तीन. आपण मात्र बहुतेक वेळा दोनच ऐकतो. पारडं खाली गेलं की आपल्याला काहीतरी कळल्यासारखं वाटतं आणि काटा मधोमध उभा राहिला की आपण म्हणतो, "यातून काहीच कळलं नाही." इथेच कोडं अडतं. काटा मधोमध उभा राहतो तेव्हा तागडी पारड्यातल्यांना निर्दोष ठरवते आणि जे पारड्यात नाहीत त्यांच्याकडे बोट दाखवते. जे खाली ठेवलंय, तेही एका अर्थाने तोललंच जातं. हे एक वाक्य मनात ठेवलंत की पुढचं सोपं आहे.

आधी नऊ पुड्या

हात बसावा म्हणून आधी सोपं कोडं घेऊ. नऊ पुड्या आहेत. त्यातली एक हलकी आहे, हे नक्की माहीत आहे. दोनदा तोलून ती शोधायची.

बऱ्याच जणी चार इकडे, चार तिकडे ठेवून एक बाजूला ठेवतील. एक पारडं वर गेलं तर त्यातल्या चार पुड्यांवर संशय उरतो आणि तोलणं उरतं एकच. त्या एका तोलण्यात चारांतली एक नक्की सापडत नाही.

त्याऐवजी तीन-तीनचे तीन ढीग करा. पहिला ढीग डाव्या पारड्यात, दुसरा उजव्या, तिसरा खाली. डावं पारडं वर गेलं तर हलकी पुडी डाव्या तिघींत आहे. उजवं वर गेलं तर उजव्या तिघींत. दोन्ही सारखी राहिली तर खालच्या तिघींत. काही झालं तरी तीनच उरल्या. आता त्या तिघींपैकी एक इकडे, एक तिकडे, एक खाली. वर गेली ती हलकी. सारख्या राहिल्या तर खाली ठेवलेली हलकी. झालं.

एकदा तोलून तिघींतली एक सापडते, दोनदा तोलून नवांतली, तीनदा तोलून सत्तावीसांतली. दर वेळी तीन पट. तागडी तीन उत्तरं देते, म्हणून ढीगही तीन करायचे.

आता बारा पाकिटं

आपलं मूळ कोडं याहून अवघड आहे, कारण चुकीचं पाकीट जड आहे की हलकं हेच माहीत नाही. नऊ पुड्यांत प्रत्येक पुडीवर एकच शंका होती. इथे प्रत्येक पाकिटावर दोन आहेत: "हे जड असेल" आणि "हे हलकं असेल". बारा पाकिटं, चोवीस शंका. त्यातली एकच खरी.

काड्यापेट्या पुढे घ्या आणि चार-चारचे तीन ढीग करा.

पहिलं तोलणं. चार पाकिटं डावीकडे, चार उजवीकडे, चार खाली.

समजा, काटा मधोमध राहिला. मग पारड्यांतली आठही पाकिटं चोख. आठ जणी संशयातून सुटल्या. चूक खालच्या चारांत आहे.

दुसऱ्या तोलण्याला त्या चारांतली तीन डावीकडे ठेवा. उजवीकडे चोख ठरलेल्या आठांतली कुठलीही तीन ठेवा. चौथं संशयित पाकीट खालीच राहू द्या. आता तीन गोष्टी होऊ शकतात.

काटा मधोमध राहिला, तर चूक खालच्या चौथ्या पाकिटात आहे. तिसऱ्या वेळी ते एका चोख पाकिटाबरोबर तोला, जड की हलकं ते कळेल.

डावं पारडं खाली गेलं, तर त्या तिघांतलं एक जड आहे. तिसऱ्या वेळी त्यातली दोन एकमेकांसमोर ठेवा. जे खाली जाईल ते जड. सारखी राहिली तर तिसरं जड.

डावं पारडं वर गेलं, तर त्या तिघांतलं एक हलकं आहे. पुन्हा दोन समोरासमोर. जे वर जाईल ते हलकं. सारखी राहिली तर तिसरं.

हा झाला सोपा रस्ता. अवघड रस्ता सुरू होतो तो पहिल्याच वेळी पारडं खाली गेलं तर. आता हळद आणि कुंकू काढा.

पाकिटांचं हळदीकुंकू

समजा, डावं पारडं खाली गेलं. यातून तीन गोष्टी कळतात. एक, खालची चार पाकिटं चोख आहेत. दोन, डाव्या चारांतलं एखादं चुकीचं असेल तर ते जडच असणार, हलकं असूच शकत नाही. तीन, उजव्या चारांतलं एखादं चुकीचं असेल तर ते हलकंच असणार.

म्हणून डाव्या चारही पाकिटांना कुंकू लावा: "जड असण्याची शंका." उजव्या चारही पाकिटांना हळद लावा: "हलकं असण्याची शंका." उजवं पारडं खाली गेलं असतं तर उजव्यांना कुंकू आणि डाव्यांना हळद, एवढाच फरक. हे पाकिटांचं हळदीकुंकू आहे, यात गटातली प्रत्येक बाई बसते, कुणालाही वगळायचं नाही.

आता आठ पाकिटं आणि आठच शंका उरल्या. चार कुंकवाची, चार हळदीची.

दुसरं तोलणं. डाव्या पारड्यात दोन कुंकवाची आणि एक हळदीचं ठेवा. उजव्या पारड्यातही दोन कुंकवाची आणि एक हळदीचं. उरलेली दोन हळदीची खाली. दोन्ही पारड्यांत तीन-तीन झाली ना, एकदा मोजून बघा.

काटा मधोमध राहिला, तर पारड्यांतली सहाही चोख. चूक खालच्या दोन हळदीवाल्यांत आहे आणि ती हलकी आहे. तिसऱ्या वेळी ती दोन समोरासमोर ठेवा. वर जाईल ते आपलं पाकीट.

डावं पारडं खाली गेलं, तर दोन कारणं असू शकतात. डाव्या पारड्यातल्या दोन कुंकवाच्या पाकिटांपैकी एक जड आहे, किंवा उजव्या पारड्यातलं हळदीचं पाकीट हलकं आहे. तिसरं कारण नाही, कारण हळदीचं पाकीट कुणाला जड करू शकत नाही आणि कुंकवाचं कुणाला हलकं करू शकत नाही. तिसऱ्या वेळी त्या दोन कुंकवाच्या पाकिटांना समोरासमोर ठेवा. खाली जाईल ते जड. सारखी राहिली तर पलीकडचं हळदीचं हलकं.

उजवं पारडं खाली गेलं, तर हेच उलट बाजूने. उजव्या दोन कुंकवाच्या समोरासमोर ठेवा. खाली जाईल ते जड. सारखी राहिली तर डावीकडचं हळदीचं हलकं.

तीन वेळा तोललं, पाकीट सापडलं आणि जड की हलकं तेही कळलं. पाकीट उघडा, वजन दुरुस्त करा, पार्सल एसटीला लावा. ते कुणी भरलं हे विचारायची गरजच पडली नाही.

एकदा हे काड्यापेट्यांवर करून बघा. एकीने मनात एक पेटी धरायची, जड की हलकी तेही ठरवायचं आणि स्वतः तागडी व्हायचं. बाकीच्यांनी पेट्या मांडायच्या, तिने फक्त "डावं खाली", "उजवं खाली" किंवा "सारखं" म्हणायचं. दोन-तीन डावांत हात बसतो.

असंच का मांडायचं?

रीत पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचं कारण कळलं तर ती विसरत नाही. शंकांचा हिशोब बघा.

सुरुवातीला चोवीस शंका. पहिल्या तोलण्याने त्यांचे तीन सारखे वाटे पडतात. डावं खाली गेलं तर आठ शंका, उजवं खाली गेलं तर आठ, सारखं राहिलं तरी चार पाकिटांच्या दोन-दोन मिळून आठच. दुसऱ्या तोलण्याने आठाचे तीन वाटे: तीन, तीन आणि दोन. तिसऱ्याने एक. चोवीस, आठ, तीन, एक. भाकरी वाटताना आपण जसं सगळ्यांच्या ताटात सारखी पडेल असं बघतो, तसंच इथे. उत्तर कुठलंही आलं तरी शंका सारख्याच कमी व्हाव्यात.

सहा-सहा मांडून सुरुवात केली तर काय होतं? काटा मधोमध राहणारच नाही, कारण चुकीचं पाकीट कुठल्यातरी पारड्यात असणारच. म्हणजे तागडीचं एक उत्तर आपण आधीच वाया घालवलं. बारा शंका उरतात आणि उरलेल्या दोन तोलण्यांत फार तर नऊ शंकांचा निकाल लागतो. तिथे कोडं अडतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे तो प्रश्न विचारण्यात तोलणं खर्च करायचं नाही.

तेरावं पाकीट असतं तर? तीन तोलण्यांत ते शोधता येतं, पण प्रत्येक वेळी जड की हलकं ते सांगता येत नाही. एका वाटेवर नुसतं "हेच चुकलेलं" एवढंच कळतं. चार वेळा तोलायची मुभा असेल तर मात्र एकोणचाळीस पाकिटांतलं चुकीचं पाकीट जड-हलक्यासकट सांगता येतं.

हे कोडं आपल्याकडे पोरं नाण्यांवर किंवा गोट्यांवर घालतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इंग्लंड-अमेरिकेत फार गाजलं. किती वेळा तोलून किती नाण्यांपर्यंत जाता येतं, याचा नियम फ्रीमन डायसन या तरुण इंग्रज गणितज्ञाने १९४६ साली छापून दिला. पण गणिताची गोडी काही परदेशातून आलेली नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड हे आपलं गाव असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नाण्यांची आणि वजन-मापांची कोष्टकं आहेत आणि त्यातली कितीतरी उदाहरणं एका मुलीला उद्देशून विचारली आहेत. तेव्हा "ते आमचं काम नाही" हे म्हणणं सोडून द्या.

चाळीस शेरांचा धोंडा

तीन उत्तरांची हीच युक्ती एका जुन्या कोड्यात आहे. तुमच्या घरातल्या सासूबाईंना, आजींना शेर आणि मण आठवत असतील. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि किलोची वजनं सक्तीची झाली १९६२ पासून. त्याआधी चाळीस शेरांचा एक मण.

एका व्यापाऱ्याकडे चाळीस शेरांचा एक धोंडा होता. तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको म्हणाली, "आता उलट बरं झालं. या चार तुकड्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पुरं वजन तोलता येईल." तुकडे केवढे होते?

उत्तर आहे एक, तीन, नऊ आणि सत्तावीस शेर. बेरीज करा, चाळीस होते. युक्ती अशी की तुकडा मालासमोर ठेवता येतो, मालाच्या बाजूलाही ठेवता येतो, किंवा खालीच राहू देता येतो. दोन शेर हवेत? एका पारड्यात तीनाचा तुकडा, दुसऱ्यात एकाचा तुकडा आणि त्याच्यासोबत माल. पाच शेर? एकीकडे नवाचा, दुसरीकडे तीनाचा, एकाचा आणि माल. वीस शेर? एकीकडे सत्तावीस आणि तीन, दुसरीकडे नऊ, एक आणि माल. डावीकडे, उजवीकडे, खाली: पुन्हा तीनच जागा. या वजनांचं गणित इटलीतल्या फिबोनाचीच्या १२०२ सालच्या पुस्तकातही आहे. म्हणजे आठशे वर्षं माणसं तागडीसमोर बसून हाच विचार करताहेत.

पण तागडी खरी आहे ना?

आपण आत्तापर्यंत तागडीवर पुरता विश्वास टाकला. तिची दांडीच खोटी असेल तर सगळं कोडं वाया. बाजारात तर पैसेच वाया. म्हणून तागडीची परीक्षा दोनदा घ्यायची.

पहिली परीक्षा रिकाम्या तागडीची. पारडी रिकामी असताना काटा मधोमध हवा. पारड्याखाली चिंचेचा गोळा किंवा मेण चिकटवलेलं असेल तर ते इथेच कळतं.

दुसरी परीक्षा पारडी बदलून. रिकामी असताना सरळ दिसणारी तागडीसुद्धा खोटी असू शकते. दांडी मधोमध टांगलेली नसेल आणि आखूड बाजूला जड पारडं लावून ती सरळ केलेली असेल, तर पहिली परीक्षा ती पास होते. म्हणून माल आणि वजनं यांची अदलाबदल करा. माल उजवीकडे, वजनं डावीकडे. काटा पुन्हा मधोमध राहिला तर तागडी खरी. एक पारडं खाली गेलं तर दांडीत खोट आहे.

फरक केवढा पडतो बघा. समजा, दांडीच्या दोन बाजूंची लांबी नऊ आणि दहा अशी आहे. खरा एक किलो माल आखूड बाजूला टांगला तर तो नऊशे ग्रॅम भरतो. तोच माल लांब बाजूला टांगला तर जवळजवळ अकराशे अकरा ग्रॅम भरतो. अशी तागडी असलेला माणूस आपली तूर घेताना एका बाजूला तोलेल आणि विकताना दुसऱ्या बाजूला. शेतकरी बाईचं दोन्हीकडून नुकसान. दहा किलो तुरीमागे एक किलो गेली, तर खुरपणीचे किती दिवस फुकट गेले याचा हिशोब तुम्हीच करा.

वजनांकडेही बघा. लोखंडी वजनाच्या भोकात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. साधी तागडी आणि वजनं दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. तपासणीचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं, ते दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. खोट दिसली तर या विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. गट पाकिटं विकत असेल तर आपला काटाही तपासलेला हवा. घरगुती काट्यावर भरलेला माल विकायला नेणं बरोबर नाही.

तागडी नसली तरी

कुणी म्हणेल, वीज आली की बारा पाकिटं एकेक करून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवू, कोडं कशाला? खरं आहे, तशी सोय असेल तेव्हा तसंच करा. हातानं भरलेली पाकिटं कोड्यातल्यासारखी अगदी तंतोतंत सारखीही नसतात, ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक राहतोच. पण अनेकांतलं चुकीचं एक शोधायची वेळ आपल्यावर चटणीपुरतीच येत नाही.

गटाची वही घ्या. मार्चअखेर वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नाही. कुठल्यातरी एका महिन्याची एक नोंद चुकली आहे. एप्रिलपासून एकेक नोंद तपासत बसलात तर संध्याकाळ जाईल, वर सचिव बाईंवर संशय. त्याऐवजी मधली तारीख धरा. सप्टेंबरअखेरची शिल्लक जुळते का? जुळली, तर पहिले सहा महिने चोख, चूक ऑक्टोबरनंतरची. मग डिसेंबरअखेर बघा. जुळली तर उरले तीन महिने. अशा फार तर चार तपासण्यांत चुकीचा महिना सापडतो. इथे उत्तरं दोनच, "जुळतं" किंवा "जुळत नाही", म्हणून वाटेही दोनच करायचे. तागडी तीन उत्तरं देते म्हणून तिथे तीन वाटे. साधन किती उत्तरं देतं ते आधी बघायचं आणि तेवढे वाटे पाडायचे.

करोनाच्या पहिल्या लाटेत तपासणीचं साहित्य कमी होतं. तेव्हा एप्रिल २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, जिथे रुग्ण थोडे आहेत तिथे जास्तीत जास्त पाच जणांचे नमुने एकत्र करून तपासायला सांगितलं. एकत्र नमुन्यात विषाणू नाही निघाला, तर पाचही जण एका तपासणीत सुटले. निघाला, तरच एकेकाची वेगळी तपासणी. आपल्या आठ पाकिटांसारखंच हे. चूक क्वचित असते तेव्हा सगळ्यांना एकेक करून उभं करण्यापेक्षा गटागटाने सोडवत गेलं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

ठिबकची नळी कुठे तुंबली, विहिरीपासून घरापर्यंतच्या वायरीत कुठे तुटलं, बारा वाफ्यांतल्या कुठल्या वाफ्याच्या बियाण्यात भेसळ होती, सगळीकडे आधी विचारायचं: एका तपासणीत जास्तीत जास्त जागा कशा निर्दोष ठरतील?

पुढच्या बैठकीसाठी

दोन कोडी देते. पहिलं सोपं. सत्तावीस पुड्या, एक हलकी, तीन वेळा तोलायचं. दुसरं जरा विचार करायला लावणारं. आपल्या चटणीच्या बारा पाकिटांत एकही चुकीचं नसण्याचीही शक्यता आहे असं समजा, म्हणजे "मघाशी हाताला वेगळं लागलं" हा नुसता भास असू शकतो. आजच्याच रीतीने तोललं तर तो भास होता हे तीन तोलण्यांत सांगता येईल का? उत्तर शोधताना काटा तीनही वेळा मधोमध राहतो ती वाट नीट बघा.

पेट्या मांडताना शाळेत कमी गेलेल्या मैत्रिणीला आधी तागडी करा. तिला फक्त तीन शब्द बोलायचे आहेत. दुसऱ्या डावात ती स्वतःच पेट्या मांडेल.